थेंब दोन पॅडच्या मध्ये अडतो, तेव्हा व्होल्टेज वाढवायचं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरातल्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे: पाण्याचे थेंब विजेने इकडून तिकडे हलवायचे, म्हणजे इलेक्ट्रोवेटिंग. पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या छापील बोर्डावर) अडीच मिलिमीटरचे तांब्याचे १६ चौकोनी पॅड एका ओळीत, पॅडमध्ये ०.१५ मिमीची फट. वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ताणून बसवलेली आणि फिल्मवर गाडीच्या काचेला लावतात ते पाणी झटकणारं लिक्विड. त्यावर पाण्याचा १० मायक्रोलिटरचा थेंब. शेजारच्या पॅडला २०० व्होल्ट डीसी दिलं की थेंब तिकडे सरकतो, पण दोन पॅडच्या मधोमध बसून राहतो. कधीकधी तर जागचा हलतच नाही. ३०० व्होल्टला तो पसरतो, 'टिक' आवाज होतो, थेंबात बुडबुडे येतात आणि फिल्म बदलावी लागते. गाईड म्हणतात ५०० व्होल्टचा बूस्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) बनवा. बनवू का, असं तुम्ही विचारलंय.

नका बनवू. तुमच्याकडे व्होल्टेज पुरेसं आहे. थेंब अडतोय तो दुसऱ्याच कारणांनी, आणि माझ्या मते ती एकाच वेळी तीन आहेत: थेंबाला परतीची वाट नाही, पृष्ठभाग त्याला सोडत नाही आणि थेंब पॅडच्या मानाने लहान आहे. यातलं कुठलं किती, हे तुमचा बोर्ड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण ते ओळखायची सोपी युक्ती आहे, ती पुढे देतो.

आधी थोडं मूळ तत्त्व, कारण व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला तिथूनच येतो. विजेने द्रवाचा पृष्ठताण बदलतो हे गाब्रिएल लिपमन यांनी १८७५ मध्ये पारा आणि विद्युतवाहक द्रावण घेऊन दाखवलं होतं. पण पाण्यात उघडे इलेक्ट्रोड ठेवले की एक-दोन व्होल्टच्या पुढे विघटन सुरू होतं, म्हणून ते बरीच वर्षं प्रयोगशाळेतच राहिलं. १९९३ मध्ये ब्रुनो बेर्ज यांनी धातू आणि द्रव यांच्यामध्ये विद्युतरोधक पातळ थर घातला आणि गाडी पुढे सरकली. थेंब, थर आणि पॅड मिळून एक कपॅसिटर होतो. व्होल्टेज दिलं की थेंब पॅडवर जास्त पसरायला बघतो, त्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) कमी होतो. कोनाच्या कोसाइनमध्ये जी भर पडते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि थराची जाडी वाढली की त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे 'वाढव व्होल्टेज' हा सल्ला कागदावर बरोबर दिसतो.

आता तुमचेच आकडे घालू. क्लिंग फिल्म १० मायक्रॉन धरू, पॉलिथिनचा परावैद्युतांक (थर किती विद्युतभार साठवू देतो तो आकडा) २.२५, पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. स्पर्शकोन ११० अंशांवरून ८० अंशांवर आणायला सुमारे १९५ व्होल्ट लागतात. फिल्म नसती आणि २५ मायक्रॉनचा सोल्डर मास्क (बोर्डावरचं संरक्षक कोटिंग) वापरला असता तर २४५ च्या आसपास. एक मायक्रॉन पॅरिलीन (प्लास्टिकचं अतिपातळ कोटिंग) असतं तर ५२ व्होल्टमध्ये काम झालं असतं, पण त्यासाठी निर्वात कोटिंगचं यंत्र लागतं, ते सोडून देऊ. म्हणजे तुमचे २०० व्होल्ट हिशेबात अगदी बरोबर बसतात.

आणि याला वरची हद्दही आहे. कोन साधारण ६० ते ८० अंशांपर्यंत उतरला की व्होल्टेज कितीही वाढवा, तो फारसा उतरत नाही. याला सॅच्युरेशन म्हणतात. असं का होतं यावर अजून एकमत नाही, पण होतं हे नक्की. त्यापुढे घातलेलं व्होल्टेज थेंबाला ढकलत नाही, थराला छळतं. फिल्मवर कुठे सुईच्या टोकाएवढं भोक, सुरकुती किंवा खाली सोल्डरचा टोकदार कण असला की तिथून वीज आरपार जाते. तुम्हाला ऐकू येणारा 'टिक' तोच, आणि बुडबुडे म्हणजे त्या भोकातून चाललेलं पाण्याचं विघटन. ५०० व्होल्टला हे सगळं फक्त लवकर होईल.

आता ओळखायची युक्ती. मोबाइल बोर्डाच्या पातळीला आडवा ठेवा, मागे पांढरा कागद, कागदाच्या मागून दिवा. स्लो मोशन लावा आणि थेंबाच्या पुढच्या कडेकडे नाही, मागच्या कडेकडे लक्ष द्या. सगळे पुढची कड बघतात, कारण हालचाल तिथे दिसते. पण अडलेल्या थेंबाचं निदान शेपटीकडूनच होतं. पुढची कड नव्या पॅडवर सरकली आणि मागची कड जागची हललीच नाही, थेंब लांबुळका होऊन ताणला गेला, तर पृष्ठभाग चिकट आहे. पुढची-मागची दोन्ही कडा सरकल्या, थेंब अख्खाच्या अख्खा पुढे आला आणि फटीच्या दोन्ही बाजूंना सारखा वाटून शांत बसला, तर दोष ग्राउंडचा, म्हणजे शून्य व्होल्टच्या परतीच्या वाटेचा आहे. आणि दोन्ही कडा मुळीच हलल्या नाहीत, तर थेंब शेजारच्या पॅडपर्यंत पोचलेलाच नाही.

ग्राउंडचं आधी घेतो, कारण तुमच्या वर्णनातला 'मधोमध' हा शब्द मला तिकडेच नेतो. तुमच्या रचनेत थेंबाला वरून काहीच जोडलेलं नाही. तो फिल्मवर मोकळा बसलाय, खाली एक पॅड २०० व्होल्टवर, दुसरा शून्यावर. म्हणजे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले झाले: पॅड ते थेंब आणि थेंब ते दुसरा पॅड. थेंबाचं स्वतःचं व्होल्टेज या दोन क्षेत्रफळांवरून ठरतं. सुरुवातीला थेंब जवळपास पूर्ण शून्याच्या पॅडवर असतो, म्हणून पुढच्या कडेवर जवळजवळ सगळे २०० व्होल्ट पडतात आणि तो जोरात निघतो. जसजसा तो पुढे जातो तसतसं व्होल्टेज वाटलं जातं. दोन्ही पॅडवर सारखा झाला की दोन्हीकडे १०० व्होल्ट, दोन्हीकडून सारखी ओढ. एकापाठोपाठ जोडलेल्या दोन कपॅसिटरची एकत्रित धारिता, त्यांची बेरीज ठरलेली असेल तर, दोन्ही सारखे असतानाच सर्वात जास्त असते. थेंब तिथे थांबतो कारण त्याला तिथेच थांबायचं असतं. ५०० व्होल्ट दिले तरी तो तिथेच थांबेल, फक्त लवकर पोचेल. शेजारचे पॅड तुम्ही ग्राउंड न करता मोकळे सोडत असाल तर परिस्थिती आणखी वाईट, मग परतीची वाटच नाही.

उपाय साधा आहे. पॅडच्या ओळीवरून, लांबीला समांतर, एक उघडी बारीक तार ताणा, थेंबाच्या अंगातून जाईल एवढ्या उंचीवर, आणि ती ग्राउंडला जोडा. साध्या मल्टीस्ट्रँड वायरमधली एक तांब्याची तार चालते, ती साधारण ०.२ मिमीची असते. तिलाही तेच पाणी झटकणारं लिक्विड लावा, नाहीतर थेंब तारेलाच लटकेल. यापेक्षा चांगलं म्हणजे वरून आयटीओची पारदर्शक वाहक काच झाकण म्हणून ठेवणं. ओपनड्रॉप या थेंब हलवणाऱ्या बोर्डासारख्या खुल्या (कुणालाही वापरता येणाऱ्या) डिझाइनमध्ये तसंच केलेलं असतं. पण काच महाग, मिळायला वेळ लागतो, आणि परीक्षा तोंडावर असेल तर तार सीताबर्डीच्या बाजारात आज संध्याकाळी मिळेल.

आता चिकटपणा. पृष्ठभागावर थेंब पुढे सरकताना त्याचा कोन मोठा असतो आणि मागे सोडताना लहान. या दोन कोनांतल्या फरकाला हिस्टेरिसिस म्हणतात. थेंब हलायला विजेने कोसाइनमध्ये घातलेली भर या दोन कोनांच्या कोसाइनमधल्या फरकापेक्षा जास्त असावी लागते. पुढचा कोन ११० आणि मागचा ८० असेल, तर नुसतं हलायला सुरुवात व्हायलाच १९५ व्होल्ट खर्च होतात. आणि ८० च्या आसपास सॅच्युरेशन सुरू होतं, म्हणजे हाताशी काही उरतच नाही. तोच मागचा कोन १०० वर आणलात, तर तीच फिल्म, तेच पाणी, आणि थेंब ११० व्होल्टला निघतो. चिकटपणा ३० अंशांवरून १० अंशांवर आला की गरज जवळपास निम्म्यावर येते. म्हणून मी विद्यार्थ्यांना बूस्टरवर खर्च करू देत नाही, पृष्ठभागावर करायला लावतो.

हे मोजायला यंत्र नको. २० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा आणि बोर्ड हळूहळू तिरका करा, कोन मोबाइलच्या लेव्हल ॲपवर वाचा. १०-१५ अंशांत थेंब घरंगळला तर पृष्ठभाग छान. ४० अंशांपर्यंत चिकटून राहिला तर तुमची फिल्म वरच्या हिशेबातल्या ३० अंशांच्या गटात आहे. थेंब मोजायला मायक्रोपिपेट नसेल तर इन्सुलिनची सिरिंज घ्या, पण वर काय छापलंय ते वाचून: १०० युनिटवालीत एका युनिटला १० मायक्रोलिटर, ४० युनिटवालीत एका युनिटला २५. दोन्ही एकाच मेडिकलमध्ये शेजारी शेजारी मिळतात आणि दिसायलाही सारख्याच.

चिकटपणा कमी करायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे सिलिकॉन तेल. पातळ घ्या, ५ सेंटिस्टोक्सच्या (हे तेलाच्या दाटपणाचं माप) आसपासचं; ट्रेडमिलसाठी विकतात ते बहुधा जाड असतं, त्यात थेंब हलतो पण कंटाळवाण्या वेगाने. फिल्मवर दोन थेंब टाकून टिश्यूने पसरवून पुसून घ्या, डोळ्याला नुसती चमक दिसेल इतकंच ठेवा. आणि फिल्मच्या खालीही तेल हवं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या पीसीबीवर तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. म्हणजे दोन पॅडच्या मधल्या फटीवर फिल्म तंबूसारखी तरंगते, आणि पॅडच्या मधोमध व्हाया (बोर्डाच्या आरपार जोडणीचं भोक) काढलेला असेल तर तिथे खळगा पडतो. या सगळ्या जागी हवा अडकते. हवेचा परावैद्युतांक एक, म्हणून ५ मायक्रॉन हवा ही ११ मायक्रॉन फिल्मइतकी नडते. तेवढ्याने तुमचा थर दुप्पट जाड झाल्यासारखा होतो आणि व्होल्टेजची गरज जवळजवळ दीडपट होते. खाली तेल लावून फिल्म एका कडेने बसवत आणा आणि जुन्या एटीएम कार्डाने हवा बाहेर काढा. बुडबुडा राहिला तर तिरप्या उजेडात लगेच दिसतो.

थेंबाच्या मापाचं पटकन सांगतो. ११० अंश कोनाच्या १० मायक्रोलिटर थेंबाचा तळ साधारण २.८ मिमी भरतो. पॅड २.५ चा, म्हणजे बरोबर मध्यावर ठेवला तर दोन्ही बाजूंना जेमतेम ०.१५ मिमी बाहेर, आणि फटही तेवढीच. शेजारच्या पॅडला त्याचा स्पर्शच होत नाही. 'कधी हलतो, कधी नाही' याचं कारण हेच: हात थोडा चुकला तर हलतो, नेमका बसला तर नाही! २० मायक्रोलिटर घ्या, तळ साडेतीन मिमीपर्यंत जातो. पुढचा बोर्ड काढाल तेव्हा पॅडच्या कडा करवतीच्या दातांसारख्या एकमेकांत घाला, म्हणजे थेंब लहान असला तरी शेजाऱ्यावर थोडा टेकलेला राहील.

डीसी सोडा, एसी वापरा. डीसीने थराच्या पृष्ठभागात विद्युतभार अडकून राहतो; पॅड बंद केला तरी थेंब तिथेच ओढला जातो आणि दर फेरीला खेळ बिघडत जातो. एक किलोहर्ट्झच्या आसपासची चौकोनी लहर ठेवा. ५० हर्ट्झ नको, कारण ओढ व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणजे थेंबाला सेकंदाला १०० धक्के बसतात आणि तो जेलीसारखा थरथरतो. बहुतेक स्विचिंग चिप शून्य ते कमाल एवढंच देतात, उणे बाजू देत नाहीत. त्यावर तोडगा असा: तार किंवा वरची काच कायमची ग्राउंडला न बांधता तीही चिपच्याच एका आउटपुटला जोडा. जो पॅड चालू करायचा तो तिच्या उलट फेजमध्ये हलवा (ती शून्यावर असताना हा कमालीवर), बाकीचे तिच्याच फेजमध्ये. चालू पॅडवर थेंबाला अधिक-उणे असं पूर्ण व्होल्टेज मिळतं, बाकी ठिकाणी शून्य. एचव्ही५०७ ही ६४ आउटपुटची, ३०० व्होल्टपर्यंतची चिप या कामाला सोयीची आहे. टोरंटोच्या व्हीलर लॅबचं ड्रॉपबॉटही खुलं डिझाइन आहे, त्याची सर्किट पाहून घ्या. पाणी मात्र डिस्टिल्ड नको. चिमूटभर मीठ घाला किंवा साधं नळाचं घ्या, म्हणजे थेंब वाहक राहील.

सुरक्षेचं. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून सरळ काही घेऊ नका. तिचं शिखर ३२५ व्होल्ट असतं आणि तिला तुमच्या जिवाची पर्वा नाही. अडीच मिमीच्या पॅडची धारिता १२ पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे करंट जवळजवळ लागतच नाही. बूस्टरच्या कपॅसिटरच्या पुढे प्रत्येक लाइनला १ मेगाओहमचा रेझिस्टर टाका. ३०० व्होल्टलाही ०.३ मिलिअँपिअरच्या वर काही बाहेर येणार नाही आणि थेंबाला फरकही कळणार नाही.

आता आपल्या गावाची अडचण, जी परदेशी पेपरमध्ये सापडत नाही. ४२-४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असली की १० मायक्रोलिटरचा उघडा थेंब पाव तासाच्या आसपास संपतो, पंख्याखाली त्याहूनही आधी. आटताना त्याची कड जागेवर चिकटते, कोन उतरत जातो, क्षारांची गोल रेघ उमटते आणि मग तो कशालाच दाद देत नाही. बोअरचं पाणी असेल तर रेघ आणखी ठळक. एप्रिल-मेमध्ये 'सकाळी चालत होतं, दुपारी बंद पडलं' अशी तक्रार आली की मी आधी खोलीबद्दल विचारतो. कुलर चालू असलेली खोली उत्तम, कारण हवा दमट होते. पण बोर्ड कुलरच्या झोतात ठेवू नका, आणि वरून प्लास्टिकचा डबा पालथा घालून आत ओला कापूस ठेवा. पावसाळ्यात उलटं होतं: फिल्मच्या कडांवर ओलावा धरतो आणि पॅडच्या वायरिंगमध्येच गळती होते, तेव्हा कनेक्टरची बाजू कोरडी ठेवावी लागते.

तर क्रम असा ठेवा: आधी तार, मग २० मायक्रोलिटर, मग तेल, मग एसी. प्रत्येक पायरीनंतर शेपटी बघा. एकदम सगळं बदललंत तर चालेल कदाचित, पण व्हायव्हामध्ये 'का चाललं' विचारल्यावर अडचण होईल.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासायचं, त्यासाठी थेंब तोडायचा आणि रसायनाच्या थेंबात मिसळायचा आहे. मिसळणं सोपं आहे: दोन थेंब एका पॅडवर आणा, ते आपोआप एक होतात. पण नुसते एक झाले म्हणजे ढवळले गेले असं नाही. एक मिलिमीटर अंतर नुसत्या विसरणाने पार करायला रेणूंना आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणून एक झालेला थेंब चार-पाच पॅडवर मागे-पुढे फिरवत राहा. फ्लोराइडची रंग बदलणारी रसायनं आम्लधर्मी असतात, त्यात तांब्याची तार विरघळून रंगात ढवळाढवळ करेल. तिथे प्लॅटिनमची तार किंवा आयटीओची काच लागेल.

तोडणं मात्र उघड्या थेंबाला जवळपास जमत नाही. त्यासाठी वरून झाकण हवं आणि झाकण व बोर्ड यांच्यातली फट पॅडच्या मानाने अगदी लहान हवी. तुमच्या पॅडला ०.२ ते ०.३ मिमी. मग मधला पॅड बंद, दोन्ही बाजूंचे चालू, असं केलं की थेंबाला कंबर येते आणि तो तुटतो. पण इथे दुसरा पेच आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. एवढा बारीक फरक रंगावरून ओळखायचा आहे. नेहमीच्या क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या पारदर्शक नळीत) प्रकाश १० मिमी द्रवातून जातो, ०.३ मिमीच्या फटीत रंग त्याच्या तीस-पस्तीसाव्या भागाइतकाच दिसेल, मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो कळणारच नाही. उघड्या २० मायक्रोलिटर थेंबाची उंची निदान दोन मिमीच्या आसपास असते. म्हणून या वर्षी तोडण्याच्या फंदात पडू नका. नमुना आणि रसायन दोन्ही सिरिंजने मोजून टाका, विजेने फक्त त्यांची भेट घडवा आणि ढवळा, आणि रंग उघड्या थेंबात, शेजारी १ आणि १.५ मिलिग्रॅमचे ठरावीक थेंब ठेवून, एकाच फोटोत वाचा.